समुद्रतळाची रोजकीर्द

प्रवरेच्या कालव्यावर ज्यांनीं एखादा दिवस घालविला असेल, त्यांनीं पाण्यांत उभी केलेली मोजपट्टी पाहिली असेल. तिच्यावरचा आकडा ठराविक वेळीं वाचून वहींत उतरवावयाचा असतो. पाणी फारसें हलत नाहीं. सकाळीं जो आकडा होता तोच दुपारीं असतो. संध्याकाळीं फार तर बोटभर फरक. तोच तो आकडा लिहून कंटाळलेला मनुष्य शेवटीं 'वरीलप्रमाणें' असें लिहूं लागतो, आणि फरक पडला म्हणजे तेवढा फरकच टिपतो : एक बोट वर, दोन बोटें खालीं. वहीची जागा वांचते, शाई वांचते, आणि वाचणाराचें कांहींच नुकसान होत नाहीं. कारण आरंभींचा आकडा आणि पुढचे फरक हातीं असले म्हणजे कोणत्याही घटकेचें पाणी पुन्हां काढतां येतें.

श्रोतेहो, समुद्राच्या तळाशीं, चार-चार हजार मीटर पाण्याखालीं, काळोखांत ठेवलेलीं भूकंपलेखक यंत्रें आपली वही नेमकी ह्याच रीतीनें लिहितात. त्या वहीचा इतिहास आज सांगावयाचा आहे. नगर जिल्ह्यांतल्या माणसानें समुद्रतळाची उठाठेव कशासाठीं करावी, असें कोणी विचारील. नगरपासून समुद्र सरळ रेषेंत सुमारें दोनशें किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच पायांखालीं आहे. अकोले तालुक्यांतील कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर ज्या काळ्या फत्तराचें बनलें आहे, तो सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाचा थर आहे, आणि त्या थरांची पश्चिमेकडील कड अरबी समुद्राखालीं गेलेली आहे. समुद्र खवळला म्हणजे त्याची सूक्ष्म थरथर खडकांतून देशावर येते. ती आपणांस जाणवत नाहीं. परंतु पुरेसें नाजूक यंत्र नेवाशास किंवा अकोल्यास पुरून ठेवलें, तर आषाढांतला समुद्र तें घरबसल्या ऐकूं शकतें.

आपल्याकडे ही गोष्ट प्रथम स्पष्टपणें दिसली ती मुंबईस, कुलाब्याच्या वेधशाळेंत. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिल्न ह्यानें जपानांत सुमारें वीस वर्षें अध्यापन करून भूकंपांचा अभ्यास केला, आणि १८९५ सालीं स्वदेशीं परतून वाइट बेटावरील शाइड ह्या गांवीं ठाणें दिलें. त्याच्या पद्धतीचे भूकंपलेखक साऱ्या जगभर बसविण्यांत आले. १८९८-९९च्या सुमारास हिंदुस्थानांत कलकत्ता, मुंबई व कोडाईकनाल येथें त्यांची स्थापना झाली. कुलाब्याचे प्रमुख त्या वेळीं नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. वेधशाळेचे ते पहिले हिंदी संचालक. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या प्रवाहानें चुंबकीय वेध बिघडणार, हें ओळखून ते वेध अलिबागेस नेण्याची व्यवस्था त्यांच्याच कारकीर्दींत झाली. भूकंपाचीं यंत्रें मात्र कुलाब्यासच राहिलीं.

मिल्नच्या यंत्रांत एक आडवा लंबक असे. जमीन हलली कीं तो मागें राही, आणि त्याच्या टोंकाशीं असलेल्या फटींतून येणारा प्रकाशाचा बिंदु छायाचित्रणाच्या कागदावर रेघ ओढी. कागद घड्याळाच्या गतीनें सरके. ताशीं सुमारें सहा सेंटिमीटर. हा आकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ताशीं सहा सेंटिमीटर म्हणजे मिनिटाला एक मिलिमीटर. पृथ्वीच्या पाठीवर कोठें तरी हाहाकार माजला, आणि त्याच्या लहरी मुंबईस येऊन मिनिटभर थडकल्या, तर त्या सगळ्यांना मिळून कागदावर गव्हाच्या दाण्याएवढीही जागा मिळत नसे. रेघ जाड होई, फुगे, पुन्हां बारीक होई, इतकेंच. लहरींचे वेगवेगळे हेलकावे त्या फुगवट्यांत एकमेकांवर चढून नाहींसे होत. मिल्नला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु कागद महाग, तो धुण्याचें काम किचकट, आणि यंत्र रात्रंदिवस चालावयाचें. तेव्हां कोठें तरी हात आखडता घेणें भाग होतें. नोंद थोडक्या जागेंत बसविण्याचा आपल्याकडील हा पहिला प्रयत्न, आणि त्यांत बरेंच कांहीं हरवलें.

पुढची काटछांट टपालासाठीं झाली. जगभरच्या ठाण्यांनीं कागदाच्या गुंडाळ्या शाइडला पाठवाव्यात हें शक्य नव्हतें. म्हणून ठाण्यावरील मनुष्य रेघ वाची आणि चार-दोन आकडे कळवी : थरथर केव्हां सुरू झाली, मोठ्यांत मोठी केव्हां झाली, किती झाली, आणि केव्हां संपली. हे आकडे गोळा होऊन परिपत्रकांत छापले जात. मिल्न १९१३ सालीं वारल्यानंतर हें काम ऑक्सफर्डला गेलें, १९१८ सालापासूनच्या भूकंपांचा आंतरराष्ट्रीय सारांश तेथून निघूं लागला, आणि १९६४ सालापासूनच्या भूकंपांची नोंद एका आंतरराष्ट्रीय केंद्रानें आपल्याकडे घेतली. एवढ्या अल्प सामग्रीवर विद्वानांनीं जें उभारलें तें पाहून थक्क व्हावें लागतें. १२ जून १८९७च्या आसामच्या प्रचंड भूकंपाच्या दूरदेशींच्या नोंदी चाळतांना हिंदुस्थानच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम ह्यांनीं तीन निरनिराळ्या प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. आणि १९०६ सालीं, पृथ्वीच्या पोटांत एक निराळा गाभा असला पाहिजे, असें त्यांनीं लहरींच्या येण्याच्या वेळांवरूनच दाखविलें. वेळ कळली कीं पुष्कळ कळतें, हें खरें.

परंतु सर्व कळत नाहीं. डेन्मार्कमधील इंगे लेमन ह्या विदुषीनें १९३६ सालीं त्या गाभ्याच्या आंत आणखी एक गाभा आहे असें दाखविलें, तें कशावरून? तर १९२९ सालच्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदींत, जेथें कांहीं यावयास नको होतें, तेथें उमटलेल्या लहानशा हेलकाव्यांवरून. मूळ रेघा जपून ठेवल्या होत्या म्हणून त्या तपासतां आल्या. 'आरंभ, कमाल, शेवट' एवढेंच लिहून रेघ फेंकून देण्याची चाल सर्वत्र पडली असती, तर पृथ्वीचा अंतर्गाभा आणखी कित्येक वर्षें कोणास सांपडला नसता.

आणि कुलाब्यास तर ह्याहून मौजेची गोष्ट घडली. तेथील कागदांवर भूकंप नसतांनाही एक बारीक, अखंड कंप दिसे. पावसाळ्यांत तो वाढे. भूकंप शोधणाराच्या दृष्टीनें ही निव्वळ अडचण, तांदळांतल्या खड्यांसारखी. परंतु वेधशाळेचे पुढील एक संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी ह्यांनीं हे खडेच वेंचावयास घेतले. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ह्यांतील वादळें एकीकडे, आणि कुलाब्याच्या रेघेची थरथर दुसरीकडे, असा ताळा त्यांनीं घातला; आणि मोसमी वारा समुद्रावर चढला किंवा चक्रीवादळ उठलें कीं ही थरथर बदलते, असें दाखविणारा त्यांचा निबंध १९३० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. लाटांचा हा भार समुद्राच्या तळापर्यंत कसा पोंचतो, ह्याचा समाधानकारक गणिती उलगडा १९५० सालीं लॉंग्वेट-हिगिन्स ह्यांनीं केला. समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींवर आदळल्या म्हणजे पाण्याचा दाब खोलवर जाऊन तळाला ठोके देतो, असें त्याचें थोडक्यांत स्वरूप. आज तर ह्याच अखंड गुणगुणण्याचा उपयोग करून शास्त्रज्ञ भूपृष्ठाखालील थरांचे नकाशे काढतात. भूकंपाची वाट पाहण्याचें कारणच त्यांना उरलें नाहीं. हा प्रसंग मीं मुद्दाम सांगितला. नोंद लहान करावयास बसलेला मनुष्य प्रथम कोणती वस्तु टाकून देतो? जी त्याला कचरा वाटते ती. आणि कचरा कशाला म्हणावें हें त्याच्या पिढीला ठाऊक असतेंच असें नाहीं.

आतां समुद्रतळाकडे वळूं. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनीं मकरान किनाऱ्याजवळ, अरबी समुद्राच्या तळाखालीं, ८.१ प्रमाणाचा भूकंप झाला. मुंबई तेथून सुमारें बाराशें किलोमीटर. खडकांतून येणारी पहिली लहर एवढें अंतर अडीच मिनिटांच्या आसपास तोडते. पाण्याची लाट मात्र सावकाश येते; ती मुंबईस सकाळीं सव्वाआठच्या सुमारास पोंचली. मधल्या वेळाचा हिशेब करा : जवळजवळ पांच तास. मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारें दोन मीटर उंचीचें पाणी चढलें आणि माणसें वाहून गेलीं. मकरानच्या किनाऱ्यावर तर अनर्थ झाला. छायाचित्रणाच्या कागदावरील रेघ कागद धुतल्याखेरीज दिसत नाहीं. आणि ती दिसली असती तरी समुद्रांत लाट उठली आहे कीं नाहीं, हें एकट्या त्या रेघेवरून सांगतां येत नव्हतें. बातमी खडकांतून आली होती, आणि पांच तासांचा अवधिही होता. उणीव होती ती तळावरील साक्षीदाराची, आणि त्याचें म्हणणें वेळेवर किनाऱ्याला आणणाऱ्या निरोप्याची.

तळावर साक्षीदार बसविण्याची खटपट त्यापूर्वींच सुरू झालेली होती. अमेरिकेंत मॉरिस यूइंग व ॲलिन व्हाइन ह्यांनीं १९४० सालच्या आधींच खोल समुद्राच्या तळाशीं यंत्रें सोडून पाहिलीं. तीं वर यावींत म्हणून पेट्रोल भरलेले तरंगक वापरले, कारण पेट्रोल पाण्याहून हलकें आणि दाबानें फारसें चेपत नाहीं. नंतर युद्ध आलें. ह्या कामाला खरा पैसा मिळाला तो अणुबाँबच्या भीतीनें. जमिनीखालीं केलेला अणुस्फोट ओळखावयाचा तर भूकंप आणि स्फोट ह्यांतला फरक कळला पाहिजे, आणि त्यासाठीं साऱ्या पृथ्वीवर एकाच नमुन्याचीं यंत्रें हवींत, असें १९५८ सालच्या जिनीव्हा येथील तज्ज्ञांच्या बैठकीनंतर ठरत गेलें. विद्येचे पुष्कळ लाभ असे भांडणाच्या मागच्या दारानें आलेले आहेत.

ह्या योजनेंत १९६०नंतरच्या दशकांत जगभर सव्वाशेंच्या आसपास ठाणीं उभी राहिलीं. आपल्या देशांत शिलाँग, दिल्ली, कोडाईकनाल आणि आपलें पुणें. पुण्याच्या ठाण्याचें काम पाहूं. तेथें जलद लहरींसाठीं तीन आणि संथ लहरींसाठीं तीन अशीं सहा यंत्रें. प्रत्येकाचा रोज एक कागद, सुमारें ९० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद. जलद लहरींचा कागद मिनिटाला ६० मिलिमीटर धांवे. म्हणजे दिवसाची रेघ ८६ मीटर ४० सेंटिमीटर लांब! ती एका कागदावर मावावी म्हणून तो नळकांड्यावर गुंडाळीत, आणि दर पंधरा मिनिटांनीं रेघ एक फेरा पुरा करून किंचित् बाजूला सरके. अशा ९६ ओळी. मिल्नच्या मिलिमीटरभर मिनिटाला आतां साठ मिलिमीटर मिळाले, आणि कागद मात्र टेबलावर पसरण्याइतकाच राहिला. हे कागद अमेरिकेस जात. तेथें त्यांचीं ७० मिलिमीटर फिल्मवर चित्रें घेतलीं जात आणि मूळ कागद परत येत. त्या फिल्मच्या तुकड्यावर पुण्याचा एक संबंध दिवस असे, आणि कोणत्याही देशांतील अभ्यासकाला ती प्रत अल्प खर्चांत मिळे. भूखंडांच्या चळवळीची जी उपपत्ति १९६८च्या सुमारास सर्वमान्य झाली, तिला ह्या फिल्मच्या डब्यांनीं मोठा आधार दिला.

फिल्म लहान, परंतु रेघ जशी आहे तशी. हा मोठा गुण. दोष इतकाच कीं मूळ रेघच कधीं कधीं उमटत नसे. जवळ मोठा भूकंप झाला म्हणजे प्रकाशाचा ठिपका इतक्या वेगानें पळे कीं कागदावर डाग पडावयास त्याला फुरसत मिळत नसे. नेमक्या महत्त्वाच्या घटकेला कागद कोरा. कोयनेच्या धरणांत ह्यासाठीं निराळी तजवीज होती. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं तेथें भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या गॅलरींत बसविलेलें यंत्र एरव्हीं झोंपलेलें असे. धक्का बसला कीं जागें व्हावें, कांहीं सेकंद लिहावें, पुन्हां झोंपावें. त्यानें धरणाच्या अक्षाच्या दिशेनें गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ६३ टक्के इतकें प्रवेग टिपलें. ही थोड्या सेकंदांची नोंद अजूनही जगभरचे धरणांचे अभियंते आपलीं गणितें पडताळण्यास घेतात. भंडारदऱ्याचें १९२६ सालचें धरण ज्यांच्या रोजच्या दृष्टीस पडतें त्यांना ह्या नोंदीचें मोल वेगळें सांगावयास नको. परंतु झोंपून जागें होणाऱ्या यंत्राची एक उणीव असते : ज्या धक्क्यानें तें जागें झालें त्याचा आरंभ त्याच्या हातून निसटलेला असतो, आणि जे धक्के त्याला जागें करण्याइतके मोठे नसतात ते त्याच्या लेखीं झालेलेच नसतात.

समुद्रतळावरील पहिल्या यंत्रांवर हीच वेळ आली. तेथें टेप बदलावयास कोणी जाऊं शकत नाहीं. बॅटरी जेवढी बरोबर नेली तेवढीच. म्हणून कांहींनीं टेप अत्यंत मंद गतीनें चालविली, तर कांहींनीं भूकंपाची चाहूल लागली म्हणजेच लिहावयाचें असा नियम घातला. क्षणभराची सरासरी हालचाल मागच्या कांहीं मिनिटांच्या सरासरीशीं ताडून पाहावयाची, आणि ती पुरेशी अधिक भरली तरच नोंद करावयाची. युक्ति चांगली, पण निवाडा यंत्राच्या हातीं गेला. तळावर पहारेकरी बसवावयाचा आणि त्याला सांगावयाचें कीं मोठा चोर आला तरच लिहून ठेव. मग लहान चोर किती आले हें कळावें कसें? १९७८ सालीं जपाननें ओमाएझाकीजवळून समुद्रांत तारच टाकली, आणि २०११च्या महाभूकंपानंतर दीडशें ठाण्यांचें तारांचें जाळें पसरलें. तारेंतून वीज जाते आणि नोंद तत्काळ किनाऱ्यावर येते. ज्याला परवडेल त्यानें तसें करावें. इतरांना आपली वहीच आंखडावी लागते.

ती कशी आंखडावी ह्याचा सुंदर तोडगा १९८०नंतरच्या दशकांत हार्वर्ड विद्यापीठांतील जोसेफ स्टाइम ह्यांच्या नांवानें रूढ झाला. तो समजून घेण्यापूर्वीं वहीचा आकार पाहूं. तळावरील यंत्रांत तीन दिशांचे तीन कंपमापक आणि पाण्यांतील ध्वनि ऐकणारा एक कान, असे चार स्रोत धरा. प्रत्येकाचें सेकंदाला शंभर वेळां मोजमाप. प्रत्येक माप चोवीस द्विमान अंकांचें. म्हणजे त्या पट्टीवर १ कोटि ६७ लक्षांहून अधिक खुणा. दिवसाचीं मापें झालीं ३ कोटि ४५ लक्ष ६० हजार, आणि प्रत्येकास तीन बाइट धरले तर वर्षाला ३,७८४ कोटि बाइट. आज नखाएवढ्या तुकड्यावर हें मावतें, हें मला मान्य आहे. १९८५ सालीं तें मावत नव्हतें. शिवाय तबकडीवर लिहावयाचें म्हणजे ती फिरवावी लागे, आणि प्रत्येक फिरविण्याला बॅटरींतील वीज खर्ची पडे. जितकें कमी लिहावें तितके दिवस यंत्र अधिक जगे.

स्टाइमची युक्ति म्हणजे आपली कालव्याची वही. लागोपाठचीं मापें बहुधा जवळजवळ असतात : ४८२१३, ४८२१५, ४८२१४, ४८२०९. मग पहिला आकडा पुरा लिहावा, आणि पुढें नुसते फरक : अधिक दोन, उणें एक, उणें पांच. लहान आकड्याला लहान जागा पुरते. ह्यासाठीं बत्तीस द्विमान अंकांचा एक खाना ठरविलेला असतो. फरक लहान असले तर त्यांत चार बसवावे, मध्यम असले तर दोन, आणि भूकंपाच्या धुमाळींत फार मोठे झाले तर एकच. असे सोळा खाने मिळून एक ओळ, आणि त्यांतील पहिल्या खान्यांत पुढच्या प्रत्येकांत किती फरक कोंबले आहेत ह्याची किल्ली. पुढच्या सुधारणेंत एका खान्यांत सात फरकसुद्धां बसूं लागले. समुद्र शांत असतांना वही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. भूकंप झाला म्हणजे ती आपोआप सैल होते, आणि मोठ्या हेलकाव्याला हवी तेवढी जागा मिळते. यंत्राला महत्त्वाचें काय व क्षुल्लक काय हें ठरवावें लागत नाहीं. तें सर्व लिहितें.

आतां कोणी व्यवहारचतुर गृहस्थ म्हणेल, फरकांची ही साखळी धोक्याची आहे. मध्यें एक कडी चुकली कीं पुढचे सगळे आकडे चुकणार. शंका रास्त आहे. तिचें उत्तर आपल्या पेढींतल्या रोजकीर्दींत आहे. प्रत्येक पानाच्या आरंभीं मागील शिल्लक आणि अखेरीस आजची शिल्लक लिहिलेली असते ना? येथेंही प्रत्येक पानावर पहिलें माप आणि शेवटचें माप पुरें लिहून ठेवतात. मधल्या फरकांची बेरीज करीत आलें आणि शेवटच्या मापाशीं मेळ बसला नाहीं, तर त्या पानांत चूक आहे हें तत्काळ कळतें; आणि पुढचें पान नव्या शिलकेनें सुरू होत असल्यामुळें चूक त्यांत झिरपत नाहीं. भूकंपशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय देवघेवीची जी मांडणी त्याच दशकाच्या अखेरीस ठरली, तींत ही रीत आली आणि आजतागायत चालू आहे.

ह्याहूनही वही आंखडतां येते. परंतु मग कांहीं तरी सोडावें लागतें. तेलाच्या शोधासाठीं समुद्रांत कृत्रिम धक्के देऊन जे वेध घेतात, त्यांचा पसारा भूकंपाच्या नोंदींहून किती तरी पट मोठा असतो. 'सागर सम्राट' जहाजानें १९७४ सालीं मुंबईजवळच्या समुद्रांत तेल काढलें, त्याच्या मागेंही असेच वेध होते. ह्या धंद्यांत १९९०नंतर लहरींचे बारीक तुकडे करून क्षीण तुकडे गाळण्याच्या रीती निघाल्या, आणि वही दहा-वीस पट लहान करतां येऊं लागली. तेलवाल्याला थर कोठें आहे एवढेंच पाहावयाचें असतें, आणि तोच धक्का तो पुन्हां देऊं शकतो. त्यानें असें खुशाल करावें. भूकंप पुन्हां मागवितां येत नाहीं. म्हणून भूकंपाच्या वहींतून एक अंशही गाळूं नये, ह्या पक्षाकडे माझा स्पष्ट कल आहे. कुलाब्याची पावसाळी थरथर अशा गाळणींतून प्रथम गेली असती.

निरोप्याचा प्रश्न मात्र ह्यानें सुटत नाहीं. खाऱ्या पाण्यांतून बिनतारी लहरी जात नाहींत. ध्वनीनें संदेश पाठवावा तर तो मार्ग अरुंद. सारी वही त्यांतून वर येणें अशक्य. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर हैदराबाद येथें भारताचें इशारा-केंद्र उभें राहिलें आणि ऑक्टोबर २००७पासून काम करूं लागलें. बंगालच्या उपसागरांत तसेंच अरबी समुद्रांत तरंगते बोये ठेवण्यांत आले. अशा बोयाच्या खालीं, तळावर, पाण्याचा दाब मोजणारें यंत्र असतें. ह्या जातीच्या यंत्रांचा रूढ नमुना असा : दर पंधरा सेकंदांनीं माप घ्यावयाचें, पण वर पाठवावयाचें तें मधून मधून थोडेंसें. दरम्यान यंत्र मागच्या तीन तासांच्या मापांवरून पुढचें माप काय यावें ह्याचा अंदाज बांधतें. भरती-ओहोटी अंदाजाप्रमाणें येते. तिची बातमी कशाला? परंतु खरें माप आणि अंदाज ह्यांत तीन सेंटिमीटरांच्या वर अंतर पडलें कीं यंत्र आपली चाल बदलतें, आणि सविस्तर मापें ध्वनीनें बोयाकडे, बोयाकडून उपग्रहाकडे धाडूं लागतें. येथेंही कालव्याचीच वही आहे. फक्त मागच्या आकड्याऐवजीं अपेक्षित आकड्याशीं तुलना. आणि संबंध नोंद तळावर तशीच राहते. घाईचा निरोप वेगळा, दप्तर वेगळें. १९४५ सालीं मुंबईला जे पांच तास मिळाले होते, ते आतां वांया जाऊं नयेत म्हणून ही व्यवस्था.

दप्तर आणण्याचें काम गोव्याकडे बरेंच आलें आहे. तेथें दोना पावला येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि वास्कोस ध्रुवीय व महासागर संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत एक प्रचंड खळगा आहे. तेथें गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळें समुद्राची सपाटी गणिती सपाटीहून सुमारें शंभर मीटर खालीं बसली आहे. त्याचें कारण शोधण्यासाठीं वास्कोच्या केंद्रानें २०१८च्या सुमारास त्या तळावर भूकंपलेखक सोडले. असें यंत्र लोखंडी वजनाला बांधून पाण्यांत टाकतात. चार हजार मीटर खालीं जावयास त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. महिनेच्या महिने तें एकटें लिहीत बसतें. खालीं घड्याळ लावून घ्यावयास कोणी नाहीं. म्हणून सोडतांना एकदां आणि वर आल्यावर एकदां त्याचें घड्याळ खऱ्या वेळेशीं ताडतात, आणि मधली चूक दिवसांवर वांटून टाकतात. परत न्यावयाचें झालें कीं जहाजावरून ठराविक सुरांची हांक पाण्यांत देतात. ती ओळखून यंत्र वजनाची पकड सोडतें, आणि कांचेच्या पोकळ गोळ्यांच्या जोरावर हळूहळू वर येऊं लागतें. जहाजावरचे लोक तेव्हां दुर्बिणी लावून उभे असतात. सगळींच यंत्रें येतात असें नाहीं. न आलेल्याबरोबर वर्षाची वहीही जाते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९४५ सालच्या त्या सकाळीं मुंबई बंदरांत आणि कराचीस भरती-ओहोटी टिपणारीं यंत्रें चालू होतीं. त्यांच्या कागदावर लाटेची रेघ उमटली, आणि कोणा अज्ञात कारकुनांनीं ते कागद टाकून दिले नाहींत. दोना पावलाच्या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्या रेघा वाचून, संगणकावर ती लाट पुन्हां उठवून, २०११ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्राखालचें उथळ पठार कोठें रुंद, कोठें अरुंद आहे. त्यामुळें लाटेची शक्ति सुमारें तीनशें किलोमीटरांच्या पट्ट्यांत कोंडली गेली आणि किनाऱ्याला धरून मागें-पुढें फिरत राहिली. म्हणून तेथें मोठ्या लाटा भूकंपानंतर दोन-तीन तासांनीं आल्या आणि पाणी पुष्कळ वेळ शांत झालें नाहीं. पहिली लाट केव्हां आली आणि सर्वांत उंच लाट किती होती, एवढे दोनच आकडे त्या कारकुनांनीं वहींत ठेवले असते, तर मकरानचें पाणी इतका वेळ कां हेलकावत राहिलें, हें कोणास काढतां आलें नसतें.